गिरकीतून निघणारे गॅमा किरण

अमरावतीचा अक्षांश सुमारे 20.9 अंश उत्तर, अकोल्याचा सुमारे 20.7. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला 22 अंशांवर आहे. हे आकडे शेजारी ठेवले की कळते, हा तेजोमेघ वऱ्हाडात जवळजवळ बरोबर माथ्यावरून जातो. अमरावतीत तो माथ्याच्या उत्तरेला जेमतेम एका अंशावर असतो आणि चिखलदऱ्यावर हे अंतर आणखी कमी होते. जानेवारीच्या मध्यास रात्री सव्वादहाच्या सुमारास तो तिथे पोहोचतो. या तेजोमेघाच्या मध्यभागी एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे 30 वेळा स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीत गॅमा किरणांचे दोन ठोके पाठवतो.

तासाभराने मिथुन राशीतला गेमिंगा नावाचा दुसरा न्यूट्रॉन तारा माथ्याच्या किंचित दक्षिणेकडून जातो. त्यानंतर दोन तासांनी अगस्तीच्या पूर्वेकडच्या भागातला वेला दक्षिण क्षितिजावर सुमारे 24 अंश उंच येतो. गॅमा किरणांत सर्वांत तेजस्वी दिसणारे स्पंदक तारे म्हणजे पल्सार हेच तीन आहेत, आणि वऱ्हाडच्या हिवाळी आकाशात एकाच रात्री ते तिन्ही वर येतात. डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. क्रॅबचा तेजोमेघ लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपक्यासारखा दिसतो, तेवढाच. पण त्यांच्याकडून काय येते आणि ते कसे तयार होते, हे पायरी पायरीने समजून घेता येते.

तारा किती लहान, किती जड

सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड असलेल्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा लोखंडी गाभा स्वतःच्या वजनाखाली कोसळतो. काही हजार किलोमीटरचा गाभा क्षणात दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा होतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उधळले जातात. क्रॅबचा स्फोट चिनी निरीक्षकांनी 4 जुलै 1054 रोजी पाहून नोंदवून ठेवला आहे. मागे उरलेल्या गोळ्याचे, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याचे, केंद्र अमरावतीच्या मध्यात कल्पिले, तर त्याचा पृष्ठभाग बडनेऱ्याच्या आसपास येईल. एवढ्या जागेत सूर्याच्या जवळपास दीडपट द्रव्य भरलेले असते.

या आकुंचनात दोन गोष्टी प्रचंड वाढतात. पहिली फिरण्याचा वेग. गाभ्याचा कोनीय संवेग टिकून राहतो, त्यामुळे आकार आटला की गिरकी वाढते. दुसरी चुंबकीय क्षेत्र. गाभ्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषा द्रव्यात अडकलेल्या असतात. त्या लहानशा पृष्ठभागात दाटल्या की क्षेत्राची तीव्रता वाढते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते. क्रॅबच्या ताऱ्यावर ते सुमारे चार लाख कोटी गॉस आहे. जोरात फिरणारे आणि कल्पनेपलीकडचे तीव्र चुंबक, एवढ्या दोन गोष्टींवर पुढचे सगळे उभे आहे.

पारसचा रोटर आणि क्रॅबचा तारा

अकोला जिल्ह्यातल्या पारस औष्णिक वीज केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशाच्या उष्णतेने वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेला रोटर, म्हणजे एक मोठे विद्युतचुंबक, मिनिटाला 3000 फेऱ्या घेतो. म्हणजे सेकंदाला 50. आपल्या घरातल्या विजेची 50 हर्ट्झ वारंवारता इथूनच येते. क्रॅबचा तारा मिनिटाला सुमारे 1,780 फेऱ्या घेतो. वीस किलोमीटरहून अधिक रुंद असलेला, सूर्याहून जड गोळा पारसच्या रोटरच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतो आहे.

दोन्हीकडे नियम एकच आहे. चुंबक आणि विद्युतवाहक एकमेकांच्या सापेक्ष हलले की विद्युत क्षेत्र निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये तो प्रयोगाने दाखवला. पारसमध्ये चुंबक फिरते आणि भोवतालच्या स्टेटरच्या तारांत वीज तयार होते. न्यूट्रॉन ताऱ्याला वेगळ्या तारा लागत नाहीत, कारण तो स्वतःच उत्तम विद्युतवाहक आहे. स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रात फिरताना त्याच्यातले धन आणि ऋण प्रभार वेगवेगळ्या दिशांना ढकलले जातात, आणि ध्रुव व विषुववृत्त यांच्यामध्ये विभवांतर उभे राहते. क्रॅबच्या बाबतीत नुसत्या ध्रुवाजवळच्या भागातले विभवांतर एकावर सोळा शून्ये इतक्या व्होल्टहून अधिक भरते. तिरोड्याहून अकोल्याकडे येणारी पारेषण वाहिनी 765 किलोव्होल्टची आहे, आणि देशातल्या मोठ्या वाहिन्यांत तिची गणना होते. ताऱ्याचा हा विद्युतदाब तिच्या हजार कोटी पटींहून अधिक आहे.

इंधन कोणते

पारसला कोळसा लागतो. कोळसा थांबला तर रोटर थोड्याच वेळात थांबेल. न्यूट्रॉन ताऱ्यात जळणारे असे काहीच उरलेले नसते. कोसळताना मिळालेली गिरकी एवढीच त्याची पुंजी. तो जे काही बाहेर टाकतो ते या पुंजीतून वजा होते, म्हणून त्याची फेरी हळूहळू लांबत जाते.

हे लांबणे मोजता येते. क्रॅबची एक फेरी साधारण 33 ते 34 मिलिसेकंदांची आहे आणि ती दररोज सुमारे 36 नॅनोसेकंदांनी लांबते. ही वाढ नगण्य वाटेल, पण फिरणारी वस्तू सूर्याहून जड आहे. एवढ्याशा मंदावण्यातून दर सेकंदाला सुटणारी ऊर्जा सूर्याच्या एकूण तेजाच्या लाखाहून अधिक पटींची आहे. क्रॅब तेजोमेघाला सतत तळपत ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्याशी हा आकडा जुळतो. फ्रांको पाचिनी यांनी 1967 मध्ये, पल्सारच्या शोधाची बातमी प्रसिद्ध होण्याआधीच, तेजोमेघामागे फिरता चुंबकीय न्यूट्रॉन तारा असावा असे मांडले होते. 1968 मध्ये तिथे पल्सार सापडला, त्याचे मंदावणे मोजले गेले आणि हिशोब जुळला.

या ऊर्जेतला गॅमा ठोक्यांचा वाटा ताऱ्यागणिक बदलतो. क्रॅबमध्ये तो टक्क्याचा लहानसा अंश आहे, वेलामध्ये सुमारे एक टक्का. वय वाढलेल्या, मंदावलेल्या गेमिंगामध्ये तो बराच मोठा आहे. एकूण पुंजी घटली तरी तिचा गॅमा किरणांकडे जाणारा हिस्सा वाढत जातो, असा कल अनेक पल्सारांत दिसतो.

सोबत फिरण्याची हद्द

इतक्या प्रबळ विद्युत क्षेत्रात ताऱ्याचा पृष्ठभाग स्वस्थ राहू शकत नाही. इलेक्ट्रॉन आणि इतर प्रभारित कण उपसले जातात आणि ताऱ्याभोवतीची जागा भरून टाकतात. पीटर गोल्डराइख आणि विल्यम ज्युलियन यांनी 1969 मध्ये हे गणिताने दाखवले. असे कण पुरेसे जमले की ते अशा रीतीने मांडले जातात की चुंबकीय रेषांच्या दिशेतले विद्युत क्षेत्र पुसले जाते. मग हा सगळा प्रभारित वायू रेषांना धरून ताऱ्यासोबत फिरतो.

पण सोबत फिरण्याला मर्यादा आहे. अक्षापासून जितके दूर, तितके एका फेरीत कापायचे अंतर अधिक. एका अंतरावर सोबत फिरायचे तर प्रकाशाच्या वेगाने पळावे लागेल, आणि ते कोणत्याही कणाला शक्य नाही. हे अंतर म्हणजे ताऱ्याच्या अक्षाभोवतीची एक काल्पनिक वृत्तचिती; तिला प्रकाश-वृत्तचिती म्हणू. क्रॅबसाठी तिची त्रिज्या सुमारे 1,600 किलोमीटर आहे, म्हणजे अकोल्याहून सरळ रेषेत श्रीनगरच्याही थोडे पलीकडे. वेलासाठी ती सुमारे 4,300 किलोमीटर आहे.

या हद्दीच्या आत वळून परत येणाऱ्या चुंबकीय रेषा बंद राहतात आणि त्यांच्यातले कण अडकून पडतात. ध्रुवांजवळून निघणाऱ्या काही रेषा मात्र हद्द ओलांडतात. त्यांना परत वळता येत नाही. त्या उघड्या होऊन दूर अवकाशात पसरतात. या उघड्या रेषांवरून कण कायमचे निसटतात, आणि पुढची गोष्ट इथेच घडते.

पोकळी, वेग आणि वळण

निसटलेल्या कणांची जागा भरायला नवे कण प्रत्येक ठिकाणी वेळेवर पोहोचत नाहीत. जिथे प्रभारांचा तुटवडा पडतो तिथे विद्युत क्षेत्र पुसायला कोणी उरत नाही. अशा पोकळीत चुंबकीय रेषेच्या दिशेने प्रबळ विद्युत क्षेत्र टिकून राहते. तिथे आलेला इलेक्ट्रॉन किंवा त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन त्या रेषेवरून धावत सुटतो. त्याचा वेग प्रकाशाच्या इतका जवळ जातो की प्रकाशवेग 1 धरला तर कणाचा वेग लिहिताना दशांश चिन्हानंतर चौदा वेळा 9 लिहावे लागतील.

आता वळणाची भूमिका येते. चुंबकीय रेषा वक्र असते आणि कण तिला धरूनच जातो. प्रभारित कणाला वळवले की तो प्रारण सोडतो. वेग जितका प्रकाशाच्या जवळ, तितके या प्रारणाच्या प्रत्येक कणाचे म्हणजे फोटॉनचे बळ अधिक. या क्रियेला वक्रता-प्रारण म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा असतो, तर इथे निघणारा 100 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातला. असा फोटॉन म्हणजेच गॅमा किरण.

क्रिया इथे थांबत नाही. हा गॅमा फोटॉन ताऱ्याच्या उष्ण पृष्ठभागाकडून येणाऱ्या क्ष-किरण फोटॉनवर आदळला, किंवा अतितीव्र चुंबकीय क्षेत्रातून गेला, तर त्याच्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा प्रारण सोडते, त्यातून नव्या जोड्या होतात, आणि एका कणामागे हजारो कणांची रीघ लागते. पोकळी या कणांनी भरू लागते आणि तिची वाढ आपोआप मर्यादित राहते. गॅमा किरण त्या पोकळीतूनच निघतात आणि तिला आवरही तेच घालतात.

नेमके कुठून

पोकळी ताऱ्याच्या अगदी जवळ, ध्रुवावर असते की दूर प्रकाश-वृत्तचितीजवळ, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षे मतभेद होते. निर्णयासाठी एक चांगली कसोटी होती. पृष्ठभागाजवळचे चुंबकीय क्षेत्र इतके तीव्र असते की तिथे जन्मलेला फार बलवान गॅमा फोटॉन बाहेर पडण्याआधीच जोडीत बदलून संपतो. म्हणजे उगम जवळ असेल तर ठरावीक ऊर्जेनंतर गॅमा किरणांचा पुरवठा एकदम तुटायला हवा. उगम दूर असेल तर तो हळूहळू उतरेल.

2008 मध्ये कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणीने क्रॅबचे ठोके 2,500 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर पकडले. त्याच वर्षी 11 जूनला फर्मी उपग्रह सुटला आणि त्याने अनेक पल्सारांचा वर्णपट मोजला. पुरवठा हळूहळू उतरताना दिसला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या व्हेरिटास दुर्बिणींना क्रॅबचे ठोके याच्याही चौपट ऊर्जेच्या वर मिळाले. गॅमा किरणांचा मुख्य उगम ताऱ्यापासून दूर, प्रकाश-वृत्तचितीच्या परिसरात आहे, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

क्रॅबचे पुढचे मोजमाप लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही पुढे गेले. एवढे बळ केवळ वळणातून मिळणे अवघड आहे. त्यासाठी वेगवान इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनला धडक देऊन त्याचे बळ वाढवतो, अशी क्रिया मांडली जाते. अलीकडच्या संगणकीय प्रतिकृतींत वृत्तचितीच्या किंचित बाहेरची एक पातळ, लहरती चादरही महत्त्वाची दिसते. तिथे विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा एकमेकींना भिडतात, तुटून नव्याने जोडल्या जातात आणि त्यातून सुटलेली ऊर्जा कणांना मिळते. पोकळीचा वाटा किती आणि या चादरीचा किती, यावर आजही काम चालू आहे.

उगम दूर असल्याने आणखी एक कोडे सुटते. रेडिओ लहरींचा झोत बहुतेक पल्सारांत ध्रुवाजवळून, अरुंद निघतो आणि तो पृथ्वीवरून जाईलच असे नाही. गॅमा किरण मात्र दूरवरून रुंद पंख्यासारखे पसरतात. म्हणूनच गेमिंगासारखा तारा गॅमा किरणांत ठळक दिसतो आणि रेडिओत जवळजवळ मुकाच असतो. 1970च्या दशकात उपग्रहांनी तो गॅमा किरणांत पाहिला. तो काय आहे हे 1992 मध्ये कळले, जेव्हा त्याच्या क्ष-किरणांत 237 मिलिसेकंदांचा ठोका मिळाला.

कुरुंदवाडचे कुलकर्णी आणि 74 किलोमीटर

1982 मध्ये डॉन बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने सेकंदाला 642 वेळा फिरणारा पल्सार शोधला. मिलिसेकंद पल्सारांतला हा पहिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात जन्मलेले कुलकर्णी तेव्हा बर्कले विद्यापीठात विद्यार्थी होते.

असे तारे वयाने जुने असतात. सोबतच्या ताऱ्याकडून ओढून घेतलेल्या द्रव्याने त्यांची थकलेली गिरकी पुन्हा वाढलेली असते. त्यांचे पृष्ठभागावरचे चुंबकीय क्षेत्र क्रॅबच्या सुमारे दहा हजारांश असते. मग ते गॅमा किरण कसे देणार? उत्तर प्रकाश-वृत्तचितीत आहे. 642 फेऱ्यांच्या ताऱ्यासाठी तिची त्रिज्या फक्त 74 किलोमीटर आहे, म्हणजे अकोला ते अमरावती या सरळ अंतराहूनही थोडी कमी. चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने उतरते. क्रॅबचे प्रचंड क्षेत्र 1,600 किलोमीटरवर जाईपर्यंत सुमारे दहा लाख गॉसवर येते. या ताऱ्याचे दुबळे क्षेत्र अवघे 74 किलोमीटर जाते आणि त्याच आकड्यावर थांबते. गॅमा किरण जिथे जन्मतात त्या जागी दोघांची ताकद सारखी भरते. पुढे फर्मीला या ताऱ्याचेही गॅमा ठोके मिळाले.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्मीच्या तिसऱ्या यादीत 294 गॅमा पल्सार आहेत, आणि त्यांतले जवळपास निम्मे मिलिसेकंद पल्सार आहेत. फर्मी सुटण्याआधी जेमतेम सात-आठ पल्सारच गॅमा किरणांत माहीत होते.

ठोका पकडायचा कसा

गॅमा किरण आरशाने परावर्तित करून एकत्र आणता येत नाहीत. फर्मीच्या उपकरणात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनच्या पट्ट्या आहेत. गॅमा फोटॉन टंगस्टनमध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनतो. सिलिकॉन या जोडीची वाट नोंदवते, आणि त्यावरून फोटॉन कोणत्या दिशेने, केव्हा आला ते ठरते. खालचा जड थर त्याची ऊर्जा मोजतो.

फोटॉन मात्र फार विरळ येतात. सर्वांत तेजस्वी वेलाकडूनही शेकडो फेऱ्यांमागे एखादाच हाती लागतो. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या हिशोबात बदलून घेतात, ताऱ्याच्या फेरीच्या काळाने भागतात आणि तो फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आला ते पाहतात. महिनोन्महिने जमवलेले फोटॉन असे एकाच फेरीवर रचले की दोन टोकदार शिखरे उभी राहतात. फेरीचा काळ किंचित चुकला तरी शिखरे पुसली जातात.

हा काळ देण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 ॲंटेना आहेत. फर्मीला दिसलेले पण न ओळखलेले गॅमा स्रोत या दुर्बिणीने तपासले गेले. भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अशाच एका स्रोताच्या जागी 2.16 मिलिसेकंदांचा पल्सार सापडल्याचे प्रसिद्ध केले. तो लहानशा सोबत्याभोवती सुमारे तीन तासांत एक फेरी घेतो आणि आपल्या वाऱ्याने त्या सोबत्याला झिजवत आहे. रेडिओतून मिळालेल्या काळावर फर्मीचे फोटॉन रचल्यावर त्याचे गॅमा ठोकेही दिसले.

फार बलवान गॅमा किरण जमिनीवरूनही टिपता येतात. असा किरण वातावरणात कणांचा वर्षाव घडवतो आणि ते कण काही नॅनोसेकंद टिकणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश देतात. मेळघाटाच्या उत्तर-पूर्वेला, त्याच सातपुड्यातल्या पचमढीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने असा प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींची मांडणी केली होती आणि क्रॅब हे तिचे एक महत्त्वाचे लक्ष्य होते. आता लडाखमध्ये हानले इथे 21 मीटर व्यासाची मेस दुर्बीण आहे. तिचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले.

या विषयात वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला आज काही करायचे असेल तर दुर्बिणीची वाट पाहायची गरज नाही. फर्मीने नोंदवलेल्या फोटॉनांची दिशा, वेळ आणि ऊर्जा सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे, ती हाताळण्याची संगणकप्रणालीही तशीच. 'आइनस्टाइन ॲट होम' या प्रकल्पात जगभरच्या लोकांच्या घरगुती संगणकांनी गॅमा पल्सार शोधून काढले आहेत. अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकावर वेलाचे फोटॉन 89 मिलिसेकंदांच्या फेरीवर रचता येतात, शिखरे मोजता येतात, आणि वर्षागणिक फेरी किती लांबली हे काढता येते. त्या लांबण्यावरून तारा दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च करतो, हे भौतिकशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थी वहीत काढू शकतो. त्यासाठी लागणारे फिरत्या वस्तूच्या ऊर्जेचे सूत्र त्याने अकरावी-बारावीतच शिकलेले असते.